टिंब

वॉशिंग्टनात संध्याकाळचे पाच वाजले की दार बंद.
इथे तेव्हा दुपारचा एक असतो,
आणि खिडकीबाहेर ना दुपार ना संध्याकाळ,
नुसता निळसर उजेड, पाण्यात शाई सांडल्यासारखा.
सूर्य नोव्हेंबरात गेलाय. जानेवारी सरता सरता येईल.

डोरकास ओक्तोलिकनं अंगातला कोट काढलेला नाही.
खोलीत हीटर आहे, पण प्रिंटर लावला की तो रुसतो.
तीन आठवडे नुसते नोंदणीत गेले:
संस्थेचा क्रमांक, बँकेचा क्रमांक,
त्या दोन क्रमांकांना ओळखणारा तिसरा क्रमांक.
पत्ता जुळत नाही, असा शेरा दोनदा.
इथली पत्रं पोस्टातल्या पेटीत येतात,
यंत्राला मात्र घराचाच नंबर हवा.
पासवर्ड साठ दिवसांनी मरतो. तिचा काल मेला.

मागणी तशी साधी आहे.
अकरा तळघरं, गोठलेल्या जमिनीत
आजोबा-पणजोबांनी कुदळीनं खणलेली.
शिडीवरून उतरायचं, पाठ भिंतीला लागू न देता.
खाली देवमाशाचं मांस, वर्षभराचं,
आणि भिंतींवर बर्फाची साय.
आता तळाशी पाणी आहे.
कुठे घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं.
ते कधीपासून, कुठून, किती वेगानं,
एवढंच मोजायचंय. तापमापकांच्या माळा, तीन वर्षं, दोन विद्यार्थी.

हर्बर्ट कालेआक दीड तास बोलला होता,
चहा गार होईस्तोवर.
भाऊ शिडीवरून पडला त्या हिवाळ्याबद्दल,
चांगल्या मांसाच्या वासाबद्दल, बिघडलेल्या वासाबद्दल,
मध्येच एका अस्वलाबद्दल, आणि त्यावर स्वतःच हसला.
फॉर्म म्हणतो: पूर्वपीठिका, कमाल दोन पानं,
चारी बाजूंनी एक इंच मोकळी जागा.
तिनं भाऊ काढला. अस्वल काढलं.
वास ठेवला होता, तोही रात्री काढला.

बारा एकतीस. फाइल चढवली.
चाक फिरलं. उपग्रहाची मर्जी, फिरतच राहिलं.
मग लाल ओळ:
नावात अमान्य चिन्ह.

तिनं मोकळी जागा पुसली. लाल.
आडवी रेघ पुसली. लाल.
बारा चव्वेचाळीस.
मग दिसलं ते.
तिच्या भाषेत तळघराच्या नावात एक ग आहे,
घशाच्या तळातून येणारा,
आणि लिहिताना त्याच्या डोक्यावर एक टिंब.
ते टिंब यंत्राला चालत नव्हतं.

एका अक्षरानं काय काय होतं
हे 'ध' चा 'मा' ऐकत वाढलेल्या आपल्याला काय सांगावं.
पण इथे अक्षर बदलायचंही नव्हतं,
फक्त टोपी उतरवायची होती, दारात.
ती थोडा वेळ बसून राहिली.
शाळेत असताना हे टिंब काढून टाक म्हणणारी
एक बाई होती, तिचं नाव काही केल्या आठवेना.

बारा एकोणपन्नास. टिंब काढलं.
चाक फिरलं. हिरवी खूण.
एकवीस आकडी पोच. छाननीला दोन दिवस.

फोन वाजला. हर्बर्टच. मागे पंपाची घरघर.
"गेलं का?"
"गेलं."
"सगळं?"
ती पडद्याकडे बघत होती.
फाइलच्या आत, पंधरा पानांत,
तो शब्द त्रेचाळीस वेळा आलाय, टिंबासकट.
यंत्रानं दारावरची पाटी तेवढी वाचली,
घरात ते शिरलंच नाही.
"अस्वल नाही गेलं," ती म्हणाली.

तो हसला, मग खोकला,
मग म्हणाला, थांब जरा, पाइप निसटलाय,
आणि फोन तसाच चालू ठेवून
शिडी उतरू लागला.